अर्नी नसेल तेव्हा

१९७४ साली ब्रिटनमध्ये ‘टंग टाइड’ हे छोटेखानी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. लेखक जोई डीकन. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती; हात कामाचे नव्हते, आणि तो जे बोले ते परक्याच्या कानाला नुसता आवाज वाटे. १९२८ साली, आठ वर्षांचा असताना, त्याला लंडनच्या दक्षिणेला कॅटरहॅम इथल्या सेंट लॉरेन्स इस्पितळात ठेवलं. मतिमंद ठरवलेल्या माणसांना वर्षानुवर्षं ठेवायची ती जागा. जोईचं बोलणं तिथं खऱ्या अर्थाने एकालाच कळे, सोबत राहणाऱ्या अर्नी रॉबर्ट्सला. जोई वाक्य बोले, अर्नी ते मोठ्याने पुन्हा म्हणे, मायकेल सँगस्टर लिहून घेई, आणि लिहिता-वाचता न येणारा टॉम ब्लॅकबर्न एकेक अक्षर जुळवून ते टाइप करी. चौघांनी चौदा महिने खपून ते पुस्तक पुरं केलं.

वाचा अडलेल्या माणसाशी संवाद कसा साधायचा, यावर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ काम झालं. चिन्हं आली, चित्रं आली, यंत्रं आली, कायदे आले. तरी सगळ्याची परीक्षा एकाच जागी होते. याचं बोलणं ज्याला कळतं असा माणूस जवळ आहे का? आणि तो रजेवर गेला, नोकरी सोडून गेला किंवा वारला, तर त्याला जे कळत होतं ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागतं का? केअर होममधल्या संवादाचा प्रश्न तंत्राचा कमी आणि या हस्तांतराचा जास्त आहे, असं मला वाटतं, आणि हा आढावा त्याच बाजूने घेतला आहे.

प्रश्न जुनाच आहे. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रुग्णाच्या मेंदूवरून वाचेचं केंद्र दाखवून दिलं, तो लेबोर्न पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात २१ वर्षं राहत होता. त्याला ‘तान’ एवढाच उच्चार जमे, म्हणून सगळे त्याला तानच म्हणत. आवाजाच्या चढउतारांतून आणि हातवाऱ्यांतून तो आपलं म्हणणं सांगे, आणि समोरच्याला ते कळलं नाही की चिडून शिवी हासडे. ती शिवी मात्र स्पष्ट येई. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा मेंदू अजरामर झाला. त्याच्या एका अक्षरातले निरनिराळे सूर ओळखणाऱ्या सेवकांनी काय काय जाणलं होतं, ते त्या पुस्तकांत शोधून सापडत नाही.

हे सगळं मिल्टन कीन्समधून पाहण्याला कारण आहे. १९६७ साली लंडनच्या वायव्येला वसवायला घेतलेलं हे नवं गाव तरुण कुटुंबांसाठी आखलेलं होतं. चौकटीचे रस्ते, चौकाचौकात गोल वळसे, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी लाल फरसबंदीच्या वेगळ्या वाटा. २०२१ च्या जनगणनेत वस्ती २ लाख ८७ हजारांवर गेली, २०२२ मध्ये शहराचा दर्जा मिळाला, आणि सत्तरीच्या दशकात कडेवर पोर घेऊन आलेली जोडपी आता ऐंशीच्या घरात आहेत. गावाचं तारुण्य सरल्यावर केअर होमचे प्रश्न ओघाने आलेच. शिकण्यात अडचण असलेल्या प्रौढांसाठी काम करणाऱ्या, १९६६ साली सुरू झालेल्या मॅकइन्टायर या संस्थेचं मुख्यालयही इथंच आहे. ओपन युनिव्हर्सिटीही इथलीच. अशा माणसांचा इतिहास त्यांच्याच तोंडून नोंदवण्याचं काम तिथल्या डोरोथी ॲटकिन्सन आणि जॅन वॉल्म्स्ली यांनी नेटाने केलं. जोईच्याच सेंट लॉरेन्समध्ये तारुण्य गेलेल्या मेबल कूपर यांनी आपली जीवनकथा ॲटकिन्सन यांना सांगितली, आणि २०१० साली याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली.

आता ‘बोलता येत नाही’ या एका शिक्क्याखाली किती वेगवेगळी माणसं येतात ते पाहू. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला अफेजिया होतो. जीभ ठीक असते, पण मेंदूत शब्द सापडत नाही, आणि पुष्कळदा वाचणं-लिहिणंही त्याच फटक्यात जातं. अशा माणसापुढे अक्षरांचा तक्ता ठेवून उपयोग नसतो. उलट मोटर न्यूरॉन आजारात भाषा बहुतेकांची शाबूत असते, ओठ-जीभ-घशाचे स्नायू दगा देतात. त्याला तोच तक्ता वरदान ठरतो. पार्किन्सन्समध्ये आवाज इतका खाली जातो की माणूस बोलतोय हेच कळत नाही. स्मृतिभ्रंशात आधी नावं जातात, मग वाक्याचा धागा सुटतो, मग समोरच्याचं लांब बोलणं डोक्यात मावेनासं होतं. केअर होममध्ये राहणाऱ्या वृद्धांपैकी सुमारे ७० टक्क्यांना स्मृतिभ्रंश किंवा स्मरणाच्या गंभीर अडचणी असतात, असा अल्झायमर्स सोसायटीचा अंदाज आहे. या सगळ्यांशी एकाच पद्धतीने, म्हणजे मोठ्या आवाजात आणि हसून, बोलणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

आणि या सगळ्याच्या आधी तीन गोष्टी पाहायच्या: कानातल्या यंत्राची बॅटरी, चष्मा, कवळी. बॅटरी संपलेली, दुसऱ्याचाच चष्मा डोळ्यांवर, कवळी पेल्यात राहिलेली, आणि कागदावर नोंद ‘प्रतिसाद देत नाही’. इतकी साधी बाब आढाव्यात लिहावी लागते याचं मला वाईट वाटतं, पण ती लिहायलाच हवी.

तंत्रांपैकी बहुतेकांचा उगम मोठ्या जुन्या इस्पितळांत आहे. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला सरे परगण्यातल्या बॉटलीज पार्क इस्पितळात स्पीच थेरपिस्ट मार्गारेट वॉकर यांनी कर्णबधिर आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी हातांच्या खुणांची पद्धत बसवली. मार्गारेट आणि त्यांचे दोन सहकारी, कॅथी आणि टोनी, यांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून ती ‘मॅकॅटन’ झाली. खुणेबरोबर शब्दही उच्चारायचा हे तिचं मर्म. ऐंशीच्या दशकात हर्टफर्डशायरमधल्या हार्परबरी इस्पितळाच्या शाळेत डेव्ह ह्यूएट आणि मेलनी निंड यांनी आणखी मागे जाऊन सुरुवात केली. ज्याला खूणही येत नाही त्याच्या श्वासाला, हुंकाराला, हाताच्या ठेक्याला आपण उत्तर द्यायचं, जसं आई तान्ह्याच्या आवाजांना देते. ही ‘इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन’ पुढे सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यातल्या माणसांपर्यंत नेली. १९९८ मध्ये स्टर्लिंग विद्यापीठात जोन मर्फी यांनी ‘टॉकिंग मॅट्स’ आणल्या. चटईवर वरच्या बाजूला आवडतं, मधलं, नावडतं अशी तीन चित्रं, आणि प्रत्येक विषयाचं चित्र माणसाने हवं तिथं ठेवायचं. अंघोळ कुणाच्या हातून, जेवण खोलीत की सर्वांबरोबर, असे प्रश्न यातून सुटतात. स्मृतिभ्रंश असलेली माणसं नुसत्या गप्पांपेक्षा या चटईवर आपलं मत अधिक नीट मांडतात, असं त्या गटाच्या अभ्यासात दिसलं.

टोरांटोच्या ऑरा केगन यांची मांडणी मला सर्वांत जवळची वाटते. अफेजिया झालेल्या माणसाची समज आत शाबूत असते, पण ती बाहेर दाखवायचं साधन संभाषण हेच असतं आणि तेच मोडलेलं असतं. म्हणून प्रशिक्षण समोरच्याला द्यायचं. तुम्हाला कळतंय हे मला ठाऊक आहे, असं त्याला आधी जाणवू द्यायचं. मग कागदावर ठळक अक्षरांत दोन-तीन पर्याय लिहायचे, चित्र काढायचं, हो-नाही दाखवायला बोट ठेवायला सांगायचं, आणि शेवटी आपल्याला जे समजलं ते त्याला परत सांगून खात्री करायची. ही शेवटची पायरी सोडता येत नाही, कारण अफेजियात तोंडून ‘नाही’ निघतं आणि मनात ‘हो’ असतं. प्रश्न उलटाही विचारून पाहावा लागतो. चहा हवा का, आणि थोड्या वेळाने, चहा नको ना?

मॅकइन्टायर ज्याला ‘ग्रेट इंटरॅक्शन्स’ म्हणते ते याच घराण्यातलं. जवळीक, नजर, स्पर्श, आपण कुठे आणि किती उंचीवर बसतो, निरीक्षण, ऐकणं. तशी साधी दिसणारी यादी, पण कर्मचारी नेमतानाही तीच कसोटी लावायची, हा तिचा वेगळेपणा. त्यामागे ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड यांचं १९९७ चं ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ उभं आहे. माणसाला खचवणाऱ्या वागणुकींची त्यांनी यादीच केली; तीत लहान मूल समजून वागवणं आहे, आणि माणसाला पेलणार नाही अशा वेगाने बोलणं आणि उरकणंही आहे. कॅन्ससमध्ये क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी नर्सिंग होममधलं ध्वनिचित्रण तपासलं, तेव्हा कर्मचारी लाडिक बालभाषेत बोलू लागले की स्मृतिभ्रंशाचे रुग्ण काळजी घेऊ देण्याला जास्त विरोध करतात, असं आढळलं. ज्याला आपण पेशंटचा ‘हट्ट’ म्हणतो तो कधी कधी बोलण्याच्या पद्धतीला दिलेला नकार असतो.

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा, कारण प्रेमाच्या पोटीच तो जन्मतो. ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ नावाची पद्धत ऑस्ट्रेलियातून निघून १९९० च्या सुमारास अमेरिकेत पसरली. सहायकाने न बोलणाऱ्याचा हात धरायचा आणि त्याने अक्षरं दाबायची. वाक्यंच्या वाक्यं येऊ लागली, घरांत आनंदाश्रू वाहिले. मग चाचण्या झाल्या. सहायकाला एक चित्र आणि त्या व्यक्तीला दुसरं दाखवलं, तेव्हा सहायकाने पाहिलेल्या चित्राचं नाव उमटलं. सहायक लबाड नव्हते; आपणच लिहितो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली पुन्हा स्पष्ट केलं की ही पद्धत वापरू नये. केअर होममध्ये हात धरून टंकणारं कुणी नसतं, पण ‘त्यांना ना, गर्दी आवडतच नाही’ असं दहा वर्षं म्हणणारी प्रेमळ सेविका किंवा मुलगी असते. ते कदाचित खरंही असेल. ते पुन्हा पडताळायची सोय ठेवणं हा त्या माणसाचा हक्क आहे.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते दुखण्याच्या बाबतीत. दुखतं आहे हे सांगता येत नाही म्हणून औषध मिळत नाही, आणि दुखण्याने माणूस ओरडला, ढकलू लागला, तर मिळतं ते गुंगीचं औषध. ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर ॲबी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी यासाठी ब्रिटनच्या केअर होमांत वापरली जाते. कण्हणं, चेहरा, अंगाचं आखडणं, वागण्यातला बदल, नाडी-घाम-ताप यांसारखी शारीरिक लक्षणं, आणि जखम वा संधिवातासारखं दिसणारं कारण, अशा सहा बाबी पाहून गुण द्यायचे. न्यूकॅसलच्या बाजूला तयार झालेल्या ‘डिसडॅट’चा विचार मला याहून खोल वाटतो. ती मोजणी करत नाही. हा माणूस स्वस्थ असतो तेव्हा कसा दिसतो आणि त्रासात कसा, हे त्याला ओळखणाऱ्यांनी आधीच शेजारी शेजारी लिहून ठेवायचं. एखादा दुखायला लागलं की गप्प होतो, दुसरा गाऊ लागतो. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली तर गाणारा आनंदी ठरेल.

कायदा कर्मचाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा पुढे गेलेला आहे. इंग्लंड-वेल्सचा २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट म्हणतो की निर्णय घ्यायला मदत करण्याचे सर्व शक्य उपाय हरल्याशिवाय कुणालाही असमर्थ धरायचं नाही. आणि निर्णय बोलून, खुणेने वा अन्य कोणत्याही मार्गाने कळवला तरी चालतो. २०१६ पासून इंग्लंडमध्ये आरोग्य आणि सामाजिक सेवांना ‘ॲक्सेसिबल इन्फर्मेशन स्टँडर्ड’ लागू आहे. कुणाची संवादाची गरज काय ते विचारायचं, नोंदवायचं, ठळक दिसेल असं ठेवायचं, पुढच्या संस्थेला कळवायचं आणि ती गरज भागवायची. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही निर्णय बोलण्यातून, हावभावातून, खुणेतून किंवा अन्य मार्गाने कळवण्याला मान्यता आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अफेजियाचा उल्लेख आहे. पुण्या-मुंबईच्या वृद्धाश्रमांत यातलं किती पोचलं, हा प्रश्न तिथल्या वाचकांनी विचारायलाच हवा.

मराठी घरांचं काय? २०१२ नंतर म्हाताऱ्या आईवडिलांना ब्रिटनमध्ये कायमचं आणण्याचे नियम इतके कडक झाले की इथल्या केअर होममधलं मराठी माणूस बहुधा पन्नास-साठ वर्षांपूर्वी स्वतः नोकरीला आलेलं असतं, आयुष्यभर अस्खलित इंग्रजी बोललेलं. म्हणूनच ते इंग्रजी ओसरू लागलं की धक्का बसतो. थेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्ये म्हटलं की मेंदूच्या आघातात आधी शिकलेलं टिकतं. आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटलं की सर्वांत वापरातली भाषा आधी परतते. दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. पण स्मृतिभ्रंशात नंतर आलेली भाषा आधी ओसरताना अनेक कुटुंबांनी अनुभवली आहे. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. भाषा ढाल होते खरी, पण ढाल गळाल्यावर त्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलायचं, हा प्रश्न उरतोच.

सरकारी मार्गदर्शन सांगतं की दुभाष्याचं काम नातेवाइकांवर टाकू नये, आणि उपचारांची संमती, पैशाचे व्यवहार, छळाची तक्रार यांसाठी ते अगदी योग्य आहे. पण फोनवरच्या दुभाष्याला अर्धवट वाक्य, गिळलेला शब्द, सूर हे कळणं कठीण. तिथं घरच्यांनी सांगितलेलं आणि लिहिलेलंच कामाला येतं. काय लिहायचं? जिभेने टाळूवर केलेला ‘च्यक्’ हा स्पष्ट नकार आहे. मान दोन्ही बाजूंना डोलावली तर तो होकार आहे. इंग्रज सेविका त्याला नकार समजून ताट उचलून नेईल. हात जोडले म्हणजे पुरे, निघते मी. आणि नाव. आमच्या कित्येक आज्यांचं लग्नात नाव बदललं. कागदोपत्री एक, माहेरचं दुसरं, घरात माई किंवा अक्का तिसरं. स्मरण मागे सरकत गेलं की कागदावरच्या नावाला त्या ओ देत नाहीत आणि त्यांना ऐकू येत नाही असा शेरा पडतो. ऐंशीच्या बाईंना विशीतल्या मुलीने एकेरी नावाने हाक मारली तर त्या मुद्दाम गप्प बसू शकतात, हेही लिहून द्यावं. स्वच्छतेला कागद नव्हे, पाणी, अंघोळीआधी खाणार नाहीत, संध्याकाळी दिवा. वाक्य जुळत नसताना रामरक्षा किंवा आरती मात्र सलग येते, कारण पाठ झालेलं आणि सुरातलं मेंदूत वेगळ्या वाटेने राहतं. सेविकेने रेकॉर्डिंग लावून सुरुवात केली तरी पुरतं. बोलण्याबरोबर गिळणंही बिघडलं असेल तर वरणभाताची नोंद आणखी नेमकी हवी. २०१९ पासून ब्रिटनमध्ये पदार्थांचा घट्टपणा ० ते ७ अशा पातळ्यांत ठरवला जातो, आणि पातळ वरणात भाताची शितं तरंगत असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. हा निर्णय स्पीच थेरपिस्टचा. डबा घेऊन गेलेल्या लेकीने तो आधी विचारावा.

यंत्रांबद्दल थोडक्यात. मिल्टन कीन्सच्या शेजारी नॉर्दम्प्टनला मोटर न्यूरॉन आजार संघटनेचं मुख्यालय आहे. आवाज जायच्या आधी तो साठवून ठेवण्याची माहिती आणि मदत तिथून मिळते. त्यासाठी वाट पाहायची नसते, निदान झाल्याबरोबर बसायचं. मराठीत चित्रांवर बोट ठेवून बोलणारं ‘जेलो’ हे ॲप आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात रवी पूवय्या आणि अजंता सेन यांनी घडवलं. ते मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेलं आहे. आजोबांसाठी त्यातली चित्रं बदलावी लागतील, पण मराठी आवाज आयता आहे, ही लहान गोष्ट नाही.

आता पुन्हा हस्तांतराकडे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने केअररसाठी व्हिसा खुला केला, आणि भारत, नायजेरिया, झिंबाब्वे इथून माणसं आली. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती थांबवली. एखाद्या खोलीत संध्याकाळी केरळची मुलगी, रात्री एजन्सीने पाठवलेला अनोळखी माणूस, सकाळी तिसरंच कुणी. यांच्यापैकी प्रत्येकाला थोडं थोडं कळलेलं असतं, आणि शिफ्ट बदलताना दोन मिनिटांत औषधं, पडणं, शौच एवढंच सांगून होतं. काल आजींनी खिडकीकडे बोट दाखवलं म्हणजे पडदा नव्हे, मुलगा केव्हा येणार हे विचारायचं होतं, हे राहून जातं. नव्वदीच्या सुरुवातीला एडिनबरोच्या सॅली मिलर यांनी ‘कम्युनिकेशन पासपोर्ट’ काढला तो यासाठीच. माणसाच्याच तोंडून बोलणारी, फोटो असलेली छोटी वही: मी हे केलं की त्याचा अर्थ हा, तेव्हा तुम्ही असं करा. अल्झायमर्स सोसायटीचं ‘धिस इज मी’ हे पत्रक मोफत मिळतं. दोन्हींची गत बहुतेकदा एकच होते. दाखल करताना भरतात आणि फाइलमध्ये जातात.

वही पलंगापाशी टांगलेली असावी, तिच्यात शेवटची भर कधी पडली त्याची तारीख असावी, आणि भर घालण्याचा अधिकार सफाई करणाऱ्यालाही असावा; पुष्कळदा सर्वांत जास्त वेळ खोलीत तोच असतो. इंग्लंडमध्ये नव्या केअररच्या पायाभूत प्रशिक्षणात, म्हणजे २०१५ च्या केअर सर्टिफिकेटमध्ये, सहावं मानक संवादाचं आहे. ते खरंच उतरलं का, हे पाहायचा एक मार्ग कुटुंबांच्या हातात आहे. आईवडिलांसाठी होम पाहायला जाल तेव्हा मॅनेजरबरोबर फेरी झाली की रात्रपाळीच्या कुणाला तरी भेटू द्या म्हणावं, आणि विचारावं: या मजल्यावर ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यापैकी एकाला पाणी हवं असेल, तर तुम्हाला ते कसं कळतं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं?